गाणे भाड्याचे असावे की मालकीचे?

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या दिवाळीत आमच्या इंदूरच्या घरी फराळाला चार मंडळी जमली होती. बोलता बोलता माझ्या पुतण्याची नजर दिवाणखान्यातील कपाटाकडे गेली. त्या कपाटात माझ्या वडिलांनी हौसेने जमविलेल्या तबकड्या आहेत आणि खालच्या कप्प्यात मी स्वतः घेतलेल्या कॅसेटी आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, या कपाटाने अर्धी भिंत अडवली आहे. यातले सगळे गाणे आता मोबाइलवर मिळते. महिन्याला शे-सव्वाशे रुपये भरले की जगातले संगीत खिशात! मग हा पसारा कशासाठी सांभाळता?" बडोद्याहून आलेले आमचे व्याही जुन्या वळणाचे गृहस्थ. हातातली करंजी तशीच ठेवून ते म्हणाले, "अरे, भाड्याच्या घरात पन्नास वर्षे राहिलास, तरी भिंतीत खिळा ठोकताना घरमालकाची आठवण होतेच!"

मंडळी हसली आणि विषय तेथेच थांबला. परंतु प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. मला दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे पटले होते, आणि ज्या वादात दोन्ही पक्ष अर्धे अर्धे पटतात, तो वाद सोडून देण्याऐवजी नीट पारखून पाहणे बरे. मासिक वर्गणी भरून इंटरनेटवरून गाणे ऐकावे, की तबकडी, सीडी अथवा ध्वनिफीत विकत घेऊन ते आपल्या घरी ठेवावे, हा तो प्रश्न. या वर्गणीच्या पद्धतीला 'स्ट्रीमिंग' म्हणतात. नळ सोडला की पाणी यावे, तसे गाणे दूरच्या साठ्यातून वाहत येते, आणि नळ बंद केला की आपल्या घागरीत काही उरत नाही.

आरंभी पुतण्याचा पक्ष मांडतो, कारण तो दुबळा नाही. जगाने आपला कौल केव्हाच दिलेला आहे. ध्वनिमुद्रण-व्यवसायाची आयएफपीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करते. तिच्या २०२४ सालच्या हिशेबाप्रमाणे ध्वनिमुद्रित संगीताच्या जागतिक उत्पन्नातील सुमारे ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता, आणि पैसे भरणारे वर्गणीदार ७५ कोटींच्या घरात होते. एवढी माणसे निव्वळ मूर्ख ठरविणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

पैशाचे गणितही सरळ आहे. २०१९ साली स्पॉटिफाय ही सेवा भारतात आली, तेव्हा तिची एका माणसाची वर्गणी महिन्याला ११९ रुपये होती. म्हणजे वर्षाचे १,४२८ रुपये झाले. हल्ली नवी कोरी लाँगप्ले तबकडी घ्यायची, तर एवढ्या रकमेत जेमतेम एक येते, आणि पुष्कळदा तीही येत नाही. एका तबकडीच्या किमतीत वर्षभर हवे ते गाणे, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा ऐकावयास मिळत असेल, तर कोणता विद्यार्थी ते नाकारील?

विद्यार्थ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. आमच्या उमेदीच्या काळी गावोगावच्या गायनाच्या विद्यार्थ्याला एखाद्या गवयाची तबकडी ऐकायची, तर ती ज्याच्या घरी असेल त्याची मर्जी सांभाळावी लागे. उस्ताद अमीर खाँसाहेब इंदूरचे. त्यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची लाँगप्ले १९६० साली निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आमच्या वडिलांनी ती आणली, तेव्हा आळीतील पाचसहा घरांची मंडळी रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसत. वडील धोतराच्या सोग्याने हात पुसून तबकडी उचलत आणि आम्हां मुलांना तिच्याजवळ फिरकू देत नसत. आज तीच गायकी बेळगावच्या, गोव्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या मुलीला रात्री अकरा वाजता, कोणाच्याही परवानगीवाचून ऐकता येते. एकाच रागात चार घराण्यांचे गवय काय करतात, हे ती तासाभरात ताडून पाहू शकते. ही सोय आमच्या पिढीला मिळाली असती, तर आमच्यातील कित्येकांचे कान अधिक तयार झाले असते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

दुसरी गोष्ट अशी, की गाणे 'मालकीचे' असणे ही काही सनातन गोष्ट नव्हे. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्ग या तंत्रज्ञाने ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजानचा आवाज मुद्रित केला. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ तो. तेव्हाच्या तबकड्या मुद्रणानंतर जर्मनीत हॅनोव्हर येथे छापून इकडे विक्रीस येत. गाणे तीन मिनिटांत उरकावे लागे, आणि शेवटी बाईंनी आपले नाव इंग्रजीतून सांगितलेले ऐकू येई. त्यापूर्वी गाणे विकतही मिळत नव्हते आणि भाड्यानेही मिळत नव्हते. ते जेथे होई तेथे जाऊन ऐकावे लागे, आणि घरी येताना स्मरणात जेवढे राहील तेवढेच आपले. तेव्हा तबकडी घरात असणे म्हणजेच संगीताची खरी भक्ती, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय तबकडी विकत घेणारा केवळ त्या तबकडीचा मालक होतो. गाण्याचा होत नाही. तिच्या प्रती काढून विकण्याचा हक्क त्याला कधीच नव्हता.

येथवर पुतण्याची बाजू झाली. आता व्याह्यांच्या खिळ्याकडे वळू.

वर्गणी हा शब्द आपल्याला काही नवा नाही. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणूस स्थायिक झाला, तेथे देऊळ आणि गणेशोत्सव यांच्या जोडीला त्याने वर्गणीचे वाचनालय काढले. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पर्यंत मागे जाते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. तेथे तर पेटीत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत पाठविली जात. म्हणजे थोडी रक्कम भरून पुष्कळ ज्ञानाचा उपभोग घ्यावा, हे तत्त्व आपल्या अंगवळणी पडलेले आहे. मग संगीताच्या वर्गणीलाच नाक का मुरडावे?

फरक एवढाच, की वाचनालयातले पुस्तक वाचनालयाच्या मालकीचे असते. ग्रंथपालाच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो. प्रकाशकाचे आणि ग्रंथपालाचे बिनसले म्हणून रातोरात कपाटातील पुस्तके नाहीशी होत नाहीत. प्रकाशकाने दुकान बंद केले, तरी त्याचे पुस्तक फळीवर राहते. आणि वाचनालयाचा कारभार पसंत नसेल, तर वार्षिक सभेत उठून चार शब्द बोलण्याचा अधिकार सभासदाला असतो. स्ट्रीमिंगची कंपनी हे असे वाचनालय आहे, की ज्यातील बहुतेक पुस्तके तिने स्वतःच ठरावीक मुदतीच्या बोलीवर आणलेली असतात. आपण भाडेकरू, आणि आपल्याला भाड्याने देणाराही भाडेकरूच. मूळ मालक तिसराच कोणी असतो.

ही केवळ कल्पना नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफायची सेवा भारतात सुरू झाली, पण त्या वर्षी सारेगामा कंपनीचा संग्रह तीत बराच काळ नव्हता. सारेगामा म्हणजे जुन्या ग्रामोफोन कंपनीची वारस. आपल्या वाडवडिलांनी ऐकलेल्या गाण्याचा फार मोठा भाग तिच्याकडे आहे. तिच्याशी करार व्हावयास २०२० साल उजाडले. पुढे मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकबरोबरचा करार संपला, नवा ठरेना, आणि त्या कंपनीची लोकप्रिय हिंदी चित्रपटगीते स्पॉटिफायवरून काही काळ निघून गेली. श्रोत्यांनी आपल्या याद्या उघडल्या, तो गाण्यांच्या जागा रिकाम्या! वर्गणी मात्र त्यांनी पूर्ण भरलेली होती. ३१ जानेवारी २०२४ रोजी रेसो ही सेवा भारतात बंद पडली, आणि त्याच वर्षी एअरटेलनेही आपली विंक ही संगीतसेवा गुंडाळली. दुकान बंद झाले म्हणून पूर्वी कोणाच्या घरातली तबकडी फुटत नसे. येथे दुकानाबरोबर आपण वर्षानुवर्षे लावलेली मांडणीही जाते.

कोणी म्हणेल, गाणे मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येते की! येते, परंतु त्या उतरविलेल्या गाण्याची दोरी कंपनीच्याच हातात असते. स्पॉटिफायचा नियमच असा आहे, की तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी जोडले जावे, नाही तर उतरविलेली गाणी वाजेनाशी होतात. वर्गणी थांबली की तीही थांबतात. आणि वर्गणी ज्याच्या नावाची, त्याच्यापुरतीच असते. माझ्या वडिलांनी तबकड्या माझ्या स्वाधीन केल्या, तशी मी माझी वर्गणी पुतण्याच्या स्वाधीन करू शकत नाही. दहा वर्षांत मी चौदा हजारांवर रुपये भरीन, आणि मागे राहील ती एक परवलीची खूण. तीही बहुधा कोणाला माहीत नसलेली!

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती गाणाऱ्याची. आपली वर्गणी जिकडे जाते, तेथे ती सर्वांच्या वर्गणीत मिसळते, आणि त्या एकत्र रकमेतून कोणते गाणे किती वेळा वाजले या प्रमाणात हक्कधारकांना वाटा मिळतो. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणे तीस सेकंद ऐकले गेले की एक वेळ धरली जाते. आता याचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो, तो पाहा. तीन मिनिटांचे चित्रपटगीत वाजले, ते एकदा. आणि पाऊण तासाचा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकला, तोही एकदाच. ज्या वेळात आपण एक ख्याल ऐकतो, त्या वेळात शेजारच्या खोलीत पंधरा गीते वाजून जातात. २०२४ पासून तर वर्षाला एक हजार वेळा न वाजलेल्या मुद्रणाला त्या सेवेत हिस्साच मिळत नाही. एखाद्या गवयाने आयुष्यभर घासून सिद्ध केलेला अनवट राग वर्षाला हजार वेळा ऐकला गेला नाही, तर त्याच्या वाट्याला शून्य येते. आपण मात्र समजतो, की आपण वर्गणी भरतो म्हणजे संगीताला आश्रय देतो. आश्रय देतो हे खरे; पण कोणाला, हे ठरविणे आपल्या हाती राहत नाही. गवयाची सीडी त्याच्या मैफलीच्या दारात विकत घेतली, तर निदान पैसे कोणाकडे गेले हे कळते.

तर मग निकाल मालकीच्या बाजूने द्यावा काय? श्रोतेहो, तसा तो देण्यापूर्वी मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे.

माझी आई पहाटे उठून भूपाळ्या म्हणत असे. आवाज फार मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, आणि चाली तिच्या आजोळच्या होत्या. मी त्या दुसरीकडे कोठे ऐकल्या नाहीत. १९८६ साली धाकट्या भावाने टेपरेकॉर्डर घेतला. कोरी कॅसेट घरात नव्हती. विकत आणलेल्या भजनांच्या एका कॅसेटवर पुन्हा मुद्रण होऊ नये, म्हणून तिच्या माथ्यावरची खाच मोडलेली असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या खाचेवर त्याने चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या बाजूवर आईच्या भूपाळ्या मुद्रित केल्या. वरचे नाव मात्र त्या भजनांचेच राहिले. पुढे आई गेली. काही वर्षांनी मोबाइलवर गाणी मिळू लागली, मीही वर्गणी भरली, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत, जे जे मोबाइलवर मिळते ते ते घरात कशाला, असे म्हणून एक खोके भरून कॅसेटी अटालेवाल्याला देऊन टाकल्या. अटालेवाला म्हणजे आम्हां इंदूरकरांचा भंगारवाला. वर छापलेली भजने मोबाइलवर होती, हे मी पडताळून पाहिले होते. दुसरी बाजू मी ऐकली नाही. चार महिन्यांनी भावाने ती कॅसेट मागितली, तेव्हा मला घाम फुटला. अटालेवाला माहितीचा होता, मी त्याच्याकडे गेलोही. परंतु माल पुढे गेलेला होता.

यात दोष कोणत्याही कंपनीचा नाही. दोष माझा आहे. मालकी माझी होती, कपाट माझे होते, आणि तरीही आवाज गेला. म्हणजे वस्तू आपल्या घरात असणे आणि ती आपण जपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवसापासून मला या वादाकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

वस्तू घरात राहिली, तरी ती आपोआप टिकत नाही. जुनी तबकडी लाखेची. हातातून निसटली की तुकडे झाले. कॅसेटच्या फितीला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. गोवा आणि बेळगावकडील मंडळींना हे मी सांगावयास नको. घरी लिहिलेली सीडी काही वर्षांनी वाचता येईनाशी होते. संगणकाची हार्ड डिस्क एके दिवशी कसलीही सूचना न देता बंद पडते. मोठ्या कंपन्यांचीही हीच कथा. २००८ साली अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तीत मूळ ध्वनिफितींचा मोठा साठा जळाला, आणि जगाला त्याची खरी व्याप्ती २०१९ साली वृत्तपत्रातून कळली. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनी बारा वर्षे चढविलेले संगीत एका स्थलांतरात नष्ट झाल्याचेही २०१९ सालीच जाहीर झाले. दुसऱ्याच्या कोठारावर विसंबणे आणि आपल्या कपाटाकडे दुर्लक्ष करणे, यांत गाण्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

आपल्या संगीताच्या इतिहासात तर हा धडा ठायी ठायी लिहिलेला आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले; त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे युग त्यांनी चांगले चाळीस वर्षे पाहिले. पण त्यांचाही आवाज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून आपण त्यांच्या गाण्याचा अदमास बांधतो. उलट अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्याच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घातली गेली. आज ती सूर्यमालेतील ग्रहांना मागे टाकून पुढे निघाली आहे. त्या तबकडीला वर्गणी भरावी लागत नाही, आणि कोणाचा करार संपला म्हणून ती परत बोलावताही येत नाही! गुरूचा आवाज घराबाहेर पडला नाही आणि शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेला लागला. मधे फरक एवढाच, की एकीचे गाणे कोणीतरी टिकाऊ वस्तूत उतरवून ठेवले.

म्हणून माझा निकाल असा आहे. ऐकण्यासाठी वर्गणी उत्तम, जपण्यासाठी मालकी आवश्यक. या दोहोंत भांडण नाही, कारण त्यांची कामेच वेगळी आहेत. जे गाणे लाखो लोक ऐकतात, ते माझ्याकडे नसले तरी चालेल. ते जपणारे पुष्कळ आहेत, आणि ते वर्गणीने ऐकणे स्वस्त व सोयीचे आहे. परंतु जे गाणे माझ्यावाचून कोणी जपणार नाही, ते मी भाड्याच्या भरवशावर सोडणे हा निष्काळजीपणा आहे.

असे गाणे कोणते? एक, घरातले: आईच्या भूपाळ्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीच्या रात्रीची गाणी. ते कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही आणि कधी असणारही नाही. दुसरे, गावातले: गणेशोत्सवातील गायन, एखाद्या घरच्या बैठकीत कोणी हौसेने मुद्रित केलेला गवई, देवळातले कीर्तन. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी या गावांतील कित्येक जुन्या मराठी घरांत अशा फिती पडून असतील. तिसरे, ज्यावाचून आपला दिवस सरत नाही ते. ज्या पाचपंचवीस तबकड्यांनी आपले कान घडविले, त्या तरी आपल्या स्वतःच्या असाव्यात, कारण त्यांच्या बाबतीत उद्या कोणाचा करार मोडेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणि जपणे म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. कारण मालकीचा उपदेश करून मोकळे होणे सोपे असते. फीत किंवा तबकडी संगणकावर उतरवून घ्यावी. सीडीच्या दर्जाचे, काटछाट न केलेले मुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे एक टेराबाइटच्या, पत्त्यांच्या जोडाएवढ्या डिस्कवर दीड हजार तास गाणे सहज मावते. वडिलांच्या कपाटातले सगळे गाणे त्याहून कमीच भरेल. मात्र प्रत एकच ठेवू नये. तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. वर्षातून एकदा त्या लावून पाहाव्यात. प्रत्येक मुद्रणाबरोबर कोण गाते, साथीला कोण, राग कोणता, कोठे व केव्हा, हे लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांत अनाथ होतो.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९६० साली निघालेल्या त्या मारवा-दरबारीच्या मुद्रणावरील हक्काची मुदत त्या हिशेबाने २०२० च्या अखेरीस संपली. तेव्हा आपल्या वडिलांच्या कपाटातला बराचसा भाग आता एका परीने सर्वांचाच झालेला आहे. तो सर्वांपर्यंत पोचविण्यासाठी मात्र कोणाच्या तरी घरी तो शाबूत असावा लागतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थांनी जे काम केले, ते अशा घरगुती संग्राहकांच्या जोरावरच केले आहे.

पुतण्याला मी हे सारे सांगितले. त्याने वर्गणी सोडली नाही, आणि सोडावी असे मी म्हटलेही नाही. मीही ती भरतोच. परंतु तो आता दर रविवारी येतो, आणि खालच्या कप्प्यातील उरलेल्या कॅसेटी आम्ही दोघे एकेक करून संगणकावर उतरवितो. दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईचा आवाज अद्याप सापडलेला नाही. तो सापडेल अशी आशा मी धरलेली नाही. परंतु आणखी कोणाची आई त्या कप्प्यात असली, तर ती आमच्या हातून जाऊ नये, एवढेच.

श्रोतेहो, दिवाळी दरवर्षी येते आणि तिच्यापूर्वी कपाटेही दरवर्षी आवरली जातात. वर्गणी भरा, मनमुराद ऐका, गावात गवई आला तर त्याच्या मैफलीला जा. मात्र घरातली कॅसेट अटालेवाल्याच्या हाती देण्यापूर्वी तिची दुसरी बाजू एकदा ऐकून घ्या.